आठवण कोणाची, अभिमान कोणाचा?

दुसऱ्याच्या दुःखाचं स्मारक जपताना आपण त्याला काय देतो आणि स्वतःसाठी काय घेतो, हा प्रश्न मी बरीच वर्षं टाळत आलो. आता तो टाळणं जड जातंय, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर वळिवडे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथं पोलिश निर्वासितांची छावणी होती. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार माणसं तिथं राहिली. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. छावणीत शाळा होत्या, दवाखाना होता, नाटकं होत, स्काउटची पथकं होती. आणि एक चर्च होतं, पोलंडमधूनच आलेले धर्मगुरू होते. त्या चर्चभोवती जगलेल्या माणसांनी युद्धात काय सोसलं, ते गोळा करावं, लिहून ठेवावं आणि इथल्या लोकांना सांगावं, हे काम मी माझ्या परीनं करत असतो. आठवणींची पुस्तकं वाचतो, जुन्या माणसांना विचारतो, टिपणं काढतो. कुणी व्याख्यानाला बोलावलं तर जातो.

लोक मन लावून ऐकतात. काहींचे डोळे भरून येतात. आणि कार्यक्रम संपल्यावर कुणी ना कुणी जवळ येऊन म्हणतं, "सर, ऊर भरून आला. शेवटी आपलं कोल्हापूर ते कोल्हापूर!" पाच हजार माणसांच्या वनवासाची हकिकत ऐकून श्रोता घरी नेतो ते आपल्या गावाचं मोठेपण. त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही, कारण सांगताना माझ्याही आवाजाला तोच सूर लागलेला असतो. त्यांच्या वाटेविषयी बोलताना मी भराभर पुढे जातो आणि वळिवड्याला गाडी पोचली की रेंगाळतो. असं का होतं, हे स्वतःला विचारायचं तर आधी त्यांची वाट नीट चालून पाहायला हवी.

सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनी पोलंडमध्ये घुसला आणि १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा आल्या. वळिवड्याला पुढे जी माणसं आली ती बहुतांश याच पूर्व भागातली. १० फेब्रुवारी १९४० ला त्या भागातून पहिली मोठी हद्दपारी झाली. पहाटे दारावर थाप, सामान बांधायला जेमतेम वेळ, मग मालगाडीचे डबे आणि कित्येक दिवसांचा प्रवास. उतरायचं ते अर्खांगेल्स्कच्या जंगलात नाही तर सैबेरियात, लाकूडतोडीच्या कामावर. त्यानंतर एप्रिल आणि जून १९४० मध्ये आणि पुन्हा १९४१ च्या उन्हाळ्यात अशाच गाड्या निघाल्या. सोव्हिएत कागदपत्रांच्या हिशेबानं नेलेली माणसं सव्वातीन लाखांच्या आसपास भरतात. निर्वासितांनी स्वतः केलेले अंदाज त्याहून कितीतरी मोठे आहेत.

एप्रिलच्या गाड्यांमध्ये मुख्यतः आधीच अटकेत असलेल्या माणसांची बायकामुलं होती. त्याच आठवड्यांत कातिनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी आणि कैदी गोळ्या घालून मारले जात होते. म्हणजे इकडे बायको कझाकस्तानच्या माळावर नवऱ्याच्या पत्राची वाट पाहते आहे आणि तिकडे नवरा मातीखाली गेला आहे. जर्मनांनी ही गोष्ट एप्रिल १९४३ मध्ये जगाला सांगितली. सोव्हिएत संघानं ती कबूल करायला १९९० साल उजाडलं.

जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला आणि गणित बदललं. ३० जुलैला लंडनमधल्या पोलिश सरकारचा मॉस्कोशी करार झाला, हद्दपार माणसांची सुटका झाली, जनरल आंदर्स यांच्या हाताखाली पोलिश फौज उभी राहू लागली. ती फौज दक्षिणेत जमते आहे हे कळताच कुटुंबंच्या कुटुंबं उझबेकिस्तानच्या दिशेनं निघाली. वाटेत उपासमार आणि टायफस. किती मुलं रेल्वे स्थानकांवर आईविना उरली, त्याची मोजदाद नाही. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये क्रास्नोव्होद्स्कहून कास्पियन समुद्र ओलांडून लाखाहून अधिक माणसं इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्यांतली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास नागरिक होती. सुटका झाल्यावरही मरण थांबलं नाही. उपाशी पोटांना अन्न सोसलं नाही, आणि पहलवी-तेहरानच्या दफनभूमी वाढत गेल्या. तिथून काही जण आफ्रिकेला गेले, काही कराचीमार्गे हिंदुस्थानात आले. त्यांतलेच पुढे वळिवड्याला पोचले.

या मुलांविषयीच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. जेवणं पोटभर मिळू लागल्यावरही मुलं पावाचे तुकडे उशाखाली लपवून ठेवत. उद्या मिळेलच यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. ही गोष्ट मी व्याख्यानात सांगतो तेव्हा सभागृह गप्प होतं. मग मी लगेच कोल्हापूरच्या दूधभाताकडे, पंचगंगेकाठच्या मळ्यांकडे वळतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं, मलाही. उशाखालच्या पावापाशी थोडं अधिक थांबायचं बळ माझ्यात का नसावं?

आता आपल्या वाट्याविषयी. "कोल्हापूरच्या छत्रपतींनी पोलिश लोकांना आसरा दिला" हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे आणि अनेकदा ते दुरुस्त न करता पुढे गेलो आहे. राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० मध्ये निवर्तले होते. १९४३ मध्ये गादीवर दत्तक घेतलेले बालछत्रपती होते आणि कारभार रीजन्सीच्या हाती होता. अशा वेळी इंग्रज सरकारचा शब्द संस्थानात किती चालत असेल, ते सांगायला नको. छावणी कुठं व्हावी हे ठरलं ते ब्रिटिश हिंदुस्थान सरकार आणि पोलिश प्रतिनिधी यांच्यामध्ये, दरबाराच्या संमतीनं. छावणीचा खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारनं उचलला होता. नवानगरच्या जामसाहेबांची गोष्ट वेगळी. बालाचडीला पोलिश मुलांसाठी जागा देताना दिग्विजयसिंहजींनी स्वतः पुढाकार घेतला आणि इतर संस्थानिकांनीही पैसा दिला. ती छावणी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तिथली मुलं वळिवड्याला आली. या दोन गोष्टींची सरमिसळ करून जामसाहेबांचं पुण्य कोल्हापूरच्या खात्यावर लिहिणं बरोबर नाही.

आणि त्या वेळचं कोल्हापूर काय सोसत होतं, तेही सांगायला हवं. डिसेंबर १९४२ मध्ये गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेले तरुण पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. शेजारच्या साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहत होतं. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळानं लाखो माणसं मेली. ज्या सरकारनं परदेशी निर्वासितांसाठी नीटस छावणी बांधू दिली, तेच सरकार आपल्या रयतेला भाताविना मरू देत होतं. यात त्या पोलिश बायकामुलांचा कणभरही दोष नाही. पण "आपण आसरा दिला" म्हणताना "आपण" म्हणजे कोण, याचं उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावर येते.

मग आपलं असं त्यात काय होतं? होतं, आणि ते थोडं नव्हतं. दूध, भाजी, केळी घेऊन छावणीत जाणारी आसपासच्या गावांतली माणसं होती. बाजारात नेणारे टांगेवाले होते. व्यवहारापुरतं पोलिश बोलायला शिकलेले दुकानदार होते. त्यांतून त्यांना चार पैसे मिळत होते आणि त्यात गैर काही नाही. पाच वर्षं रोज समोर येणाऱ्या माणसाशी सरळपणे वागणं, त्याला फसवण्याची सोय असताना न फसवणं, त्याच्या मुलांना आपल्या मुलांबरोबर हसू देणं, ही शेजाऱ्यांची खरी कमाई. तिला राजाश्रयाची झालर लावली की ती माणसं दिसेनाशी होतात. दरबारी दातृत्वाची गोष्ट सांगताना मी त्या दूधवाल्याला आणि भाजीवालीला बाजूला सारत आलो. त्यांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत, म्हणून ते सोपं गेलं.

चर्चकडे वळतो, कारण या सगळ्या कामाचं मूळ तिथं आहे.

छावणीतल्या बराकींना कौलारू छप्पर होतं आणि भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या. एका घरातलं बोलणं शेजारच्या घरात सहज पोचावं अशा. रात्री एखादीनं जपमाळ धरली तर पलीकडची तिच्यात सूर मिळवू शकत होती. ही सवय त्यांनी सैबेरियातून आणली होती. तिथं धर्मगुरू नव्हते, वेदी नव्हती, प्रार्थना उघडपणे म्हणणं धोक्याचं होतं. आयांनी आणि आज्यांनी मुलांना ती तोंडपाठ करून घेतली, सणवार मनात मोजून पाळले. वळिवड्याला चर्च मिळालं तेव्हा त्या बायकांना श्रद्धा नव्यानं मिळाली नाही. ती त्यांच्याजवळच होती. मिळाली ती चारचौघांत मोठ्यानं म्हणण्याची मोकळीक.

चेंस्तोहोवाची सावळी मरियम, मे महिन्यातल्या संध्याकाळच्या मरियमभक्तीच्या प्रार्थना, ईस्टरच्या आदल्या दिवशी टोपलीतून अन्न आशीर्वादासाठी नेणं, हे सगळं पोलिश गावांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरातले सगळे एक पातळ पोळीसारखा पापुद्रा हातात घेतात, एकमेकांच्या हातातला तुकडा मोडून खातात आणि एकमेकांसाठी भलं मागतात. दूर असलेल्या माणसाला त्याचा तुकडा पत्रातून धाडायची रीत आहे. आणि त्या रात्री टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी.

सुखाच्या काळात ते ताट आतिथ्याचं असतं. पण जिचा नवरा १९३९ मध्ये नेला गेला आणि पुन्हा दिसला नाही, तिनं वळिवड्यात ते मांडलं असेल तेव्हा तिच्या मनात कोणता पाहुणा असेल? जिचा मुलगा उझबेकिस्तानात कुठल्याशा स्थानकावर चुकला, तिनं कुणासाठी मांडलं असेल? मी कॅथलिक नाही. त्यांच्या प्रार्थनेचे शब्द मला येत नाहीत, त्यांच्या देवघरात मी परका आहे. तरीही माझ्या घरात पितृपंधरवड्यात गेलेल्यांसाठी पान वाढलं जातं आणि ते वाढताना माझ्या आईचा हात कसा हलका होतो, ते मी पाहिलं आहे. मेला आहे हे ठाऊक असलेल्यासाठी पान वाढता येतं. मेला की जिवंत हे न कळलेल्यासाठी वर्षानुवर्षं ताट मांडणं हे दुःख माझ्या अनुभवाच्या बाहेरचं आहे. मला ते कळतं असं मी सभेत सूचित करतो, तेव्हा मी त्या बायकांच्या वाटणीचं काहीतरी उचलतो. त्यांच्या जवळ जाता येईल तितकं जावं आणि जिथं कळत नाही तिथं बाहेर उभं राहावं, हे मला शिकायचं आहे.

या चर्चमध्ये रोज ज्यांच्यासाठी प्रार्थना व्हायची त्यांत इटलीत लढणारे पुरुष होते. आंदर्स यांची फौज पुढे इटलीत उतरली. १८ मे १९४४ ला मोंते कासिनोच्या मठावर पोलिश निशाण लागलं, पण त्या डोंगरावर मोजलेली किंमत तिथल्या पोलिश दफनभूमीत दिसते. हजाराहून अधिक कबरी आहेत. त्याच डोंगरावर फेब्रुवारी-मार्चमध्ये चौथी हिंदी डिव्हिजन झुंजून रक्तबंबाळ झाली होती.

आणि मराठे? १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे एकट्यानं शत्रूच्या मशिनगनवर चालून गेले, ती मोर्चाबंदी त्यांनी मोडली आणि तिथंच गोळी लागून पडले. माणगावकडचा बाविशीतला पोरगा. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून एकेक करून मागे आणलं. मग पुन्हा पुढे जाऊन तीन मशिनगन ठाणी गप्प केली. हाताला जखम झाली तेव्हा बंदूक टाकून हातबॉम्ब घेतले, आणि बांधावर उघड्यावर उभं राहून शिवछत्रपतींच्या नावाचा जयघोष केला. संगमनेर भागातल्या निमज गावचा हा माणूस. तोही व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी.

त्याच ९ एप्रिलला, त्याच सेनिओ नदीवर, जाधव ज्यात होते त्या आठव्या हिंदी डिव्हिजनच्या एका बाजूला पोलिश फौजेनंही हल्ला चढवला होता. म्हणजे वळिवड्यातल्या एखाद्या बाईचा मुलगा आणि निमजच्या एखाद्या आईचा मुलगा एकाच संध्याकाळी एकाच नदीत उतरले असतील. एकीनं मरियमपाशी मागणं मागितलं असेल, दुसरीनं खंडोबाला नवस बोलला असेल. दोघींना एकमेकींची खबर नव्हती, आणि त्यांच्यात अंतर दोनशे मैलांच्या आतबाहेरचं.

माझ्या व्याख्यानांत पोलिश आई यायची. मराठी आई कधी आली नाही. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, नगर या जिल्ह्यांतल्या किती घरांतून माणसं त्या युद्धात गेली! सबंध हिंदुस्थानातून सुमारे २५ लाख. कुणी पोटासाठी गेलं, कुणी घराण्याची रीत म्हणून. ज्या लढाईत ते गेले ती आपली नव्हती, असं स्वातंत्र्यानंतर आपण ठरवलं आणि त्यांच्या विधवांनाही तेच ऐकवलं. परक्यांच्या चर्चमधला शोक मला आपलासा वाटला, आणि शेजारच्या वाड्यातला शोक राजकारणाच्या अडचणीचा वाटला. यामागे अज्ञान कमी आणि सोय जास्त होती, हे मला मान्य करायला हवं.

सोयीचा आणखी एक पदर आहे, तो जास्त बोचतो.

युद्ध संपलं तेव्हा वळिवड्यातली माणसं घरी गेली नाहीत. याल्टाच्या बैठकीनं त्यांची गावं सोव्हिएत संघात टाकली होती. जुलै १९४५ मध्ये इंग्लंडनं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. मग कुणी इंग्लंडला गेलं, कुणी आफ्रिकेतल्या छावण्यांमध्ये आणि तिथून ऑस्ट्रेलियाला, थोडे पोलंडला परतले. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. आणि त्याच बराकींमध्ये सिंधमधून आलेले निर्वासित राहायला आले. आज त्या जागेला आपण गांधीनगर म्हणतो, आणि लग्नाचा बस्ता बांधायला, दिवाळीचं कापड आणायला तिथं जातो.

एकाच छताखाली, एकाच तट्ट्याच्या भिंतींमध्ये, लागोपाठ दोन समाज राहिले. दोघांचीही घरं नकाशावर ओढलेल्या रेषेच्या पलीकडे गेली होती. पहिल्यांसाठी महावीर उद्यानात स्तंभ आहे, दफनभूमीची डागडुजी झाली आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडचे मंत्री आणि छावणीत वाढलेली वृद्ध माणसं आली तेव्हा गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला फुलं वाहिली, तेव्हा इथल्या घराघरांत ती बातमी कौतुकानं वाचली गेली. हे सगळं योग्यच आहे. पण सिंधी आजीनं लारकाना किंवा शिकारपूर कसं सोडलं, बराकीत पहिला पावसाळा कसा काढला, हे मी किती जणींना विचारलं? गांधीनगरात मी गेलो तो पोलिश खुणा शोधायला. ज्या ओट्यावर टेकून मी जुन्या कौलांकडे पाहिलं, त्या ओट्यावरच्या माणसाला भाव विचारला, त्याच्या आईची हकिकत नाही विचारली.

का नाही? उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. जो निर्वासित येतो, सोसतो, आभार मानतो आणि निघून जातो, त्याच्यावर प्रेम करणं सोपं असतं. तो पुढे पुष्पचक्र घेऊन पाहुणा म्हणून येतो आणि आपल्याला आपला चांगुलपणा परत करतो. जो राहतो तो दुकान घालतो, बाजारात भाव पाडतो, निवडणुकीत मत देतो, आपल्या पोराच्या धंद्याला टक्कर देतो. त्याच्या दुःखाची आठवण ठेवली तर त्याचा हक्कही मानावा लागतो. शिवाय जुन्या छायाचित्रांतल्या गोऱ्या, सोनेरी केसांच्या मुलांचं आपल्याला जे अप्रूप वाटतं, ते गव्हाळ रंगाच्या मुलांचं वाटत नाही. हे वाक्य लिहिताना हात अडखळला, पण ते खरं आहे.

आणि आजचं काय? दर वर्षी ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीडकडून, मराठवाड्यातून हजारो कुटुंबं कोल्हापूरच्या शिवारांत उतरतात. तट्ट्याच्या, चटईच्या, पाचटाच्या कोप्यांमध्ये राहतात. वळिवड्याच्या तट्ट्याच्या भिंतींआड पोलिश मुलं त्या उपासमारीतून आल्यावरही शाळा शिकली. त्यांच्या माणसांनी प्राथमिक शाळेपासून वरच्या वर्गांपर्यंत सगळी सोय उभी केली, कारण मुलांचं वर्ष बुडता कामा नये हे त्यांच्या दृष्टीनं भाकरीइतकं महत्त्वाचं होतं. आपल्या फडातली मुलं पहाटे आईबापांबरोबर मोळ्या वाहतात आणि वर्षामागून वर्ष शाळेला मुकतात. साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. ज्या गावाला पाच हजार परक्यांच्या मुलांच्या शाळांचं कौतुक आहे, त्या गावाच्या वेशीवरची ही मुलं माझ्या विषयाच्या बाहेर आहेत असं मला म्हणता येत नाही. युद्धानं ती इथं आणलेली नाहीत, दुष्काळानं आणि उचलीच्या कर्जानं आणली आहेत. कोपीत रात्री उशाशी काय लपवून ती झोपतात, हे मी कधी पाहिलं नाही.

म्हणून मग पोलिश छावणीची आठवण ठेवायची नाही का? विचाराला हा फाटा फोडून पाहिला आणि तो मला पटला नाही. आठवण ठेवायलाच हवी. ज्यांची गावं गेली, ज्यांचं सरकार जगानं नाकारलं, ज्यांच्या माणसांच्या कबरी सैबेरियापासून तेहरानपर्यंत आणि कोल्हापुरापर्यंत विखुरल्या, त्यांच्या वतीनं कुणीतरी नावं घ्यायला हवीत. कोल्हापूरच्या दफनभूमीत जे झोपले आहेत त्यांचे नातलग जगाच्या पाठीवर कुठं कुठं आहेत. जवळ आपणच आहोत. प्रश्न आठवण ठेवायची की नाही हा नाही. ती ठेवताना मध्यभागी कोण उभं राहतं, हा आहे. मध्यभागी मी उभा राहिलो, माझं गाव उभं राहिलं, तर त्यांचं दुःख आमच्या आरतीचं निरांजन होतं.

एक शंका मला स्वतःला छळते, ती लपवत नाही. असं आत्मपरीक्षण करणं हाही अभिमानाचाच एक सोज्वळ प्रकार नसेल ना? "पाहा, मी किती प्रामाणिक आहे" असं सांगण्याची हौस? असू शकते. तिच्यावर एकच उतारा मला दिसतो. विचार कामात उतरला की नाही, ते पाहायचं. उतरला नाही तर हे सगळं लिहिणं फोल.

तेव्हा माझ्यापुरतं काही ठरवलं आहे. यापुढे बोलायला उभा राहिलो तर अर्ध्याहून जास्त वेळ वळिवड्याला पोचण्याआधीच्या वाटेला देईन, आणि ऐकणाऱ्यांना हायसं वाटावं म्हणून घाईनं पंचगंगेकाठी उतरणार नाही. छावणीचा खर्च कुणी केला, निर्णय कुणी घेतला, हे स्पष्ट सांगेन, मग टाळ्या कमी पडल्या तरी चालतील. नोव्हेंबरच्या २ तारखेला, कॅथलिकांच्या मृतात्म्यांच्या दिवशी, त्या कबरींपाशी जाईन. भाषण करायला नाही, गवत काढायला आणि दगडांवरची नावं, जमेल तशा उच्चारात, मोठ्यानं वाचायला. सेनिओ नदीची गोष्ट सांगताना पोलिश आईच्या शेजारी मराठी आईला उभं करीन, आणि ज्या घरांतून माणसं इटलीला गेली त्या घरांची टिपणं काढायला सुरुवात करीन. गांधीनगरात कापड घ्यायला नाही, ऐकायला जाईन. फाळणीतून आलेली पिढी झपाट्यानं संपते आहे आणि माझ्या हातात फार वेळ नाही. आणि हंगामात गावाजवळच्या एखाद्या फडावरच्या मुलांचं वर्ष वाचवण्यासाठी जे करता येईल त्यात माझा वाटा उचलीन. व्याख्यानाचं जे काही मानधन मिळतं ते तिकडे जाईल.

पोलिश बायकांनी नाताळच्या रात्री जास्तीचं ताट मांडलं ते दुसऱ्या कुणासाठी. मांडणाऱ्याचं कौतुक व्हावं म्हणून त्यांनी ते मांडलं नव्हतं. मला त्यांच्याकडून काही घ्यायचं असेल तर ते इतकंच आहे, आणि ते घेणं म्हणजे सोपं काम नव्हे. पुढच्या सभेत कुणी "आपलं कोल्हापूर" म्हणून पाठीवर हात ठेवला तर मी त्याला दोन गोष्टी विचारणार आहे: तुमच्या घरातून त्या युद्धात कोण गेलं होतं, आणि गांधीनगरात तुम्ही कुणाला ओळखता? त्याच्या उत्तरातून आमचं काम पुढे सुरू होईल.